दोराचं दुसरं टोक

नांगर घ्यायला माणूस लोहाराकडे जातो तेव्हा वजनाची चौकशी करतो. आठ किलोचा पुरेल की दहाचा लागेल? दाते चार असावेत की पाच? सळई किती जाडीची घालणार? मग तो नांगर उचलून बघतो, हातात तोलतो, कडी ओढून पाहतो. दोराची खरेदी त्यामानाने झटपट होते. वावाने मोजून दोर घ्यायचा, एक टोक नांगराच्या कडीत बांधायचं आणि उरलेला दोर होडीत टाकायचा. या उरलेल्या दोराच्या शेवटाचं काय होतं, तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. आणि मालवणच्या किनाऱ्यावर नांगर गेल्याच्या ज्या कहाण्या मी ऐकत आलो, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच टोकाकडून सुरू होतात.

लहान होडीत सगळं हाताशी असतं, म्हणून बांधलेलं काहीच नसतं. वल्ही, जाळं, पाणी उपसायचा डबा, डिझेलचा कॅन, आणि पायाशी दोराची वेटोळी. नांगर पाण्यात पडतो आणि दोर सरसरत पळायला लागतो. तो पळताना बघायला बरं वाटतं, काम नीट चाललंय असं वाटतं. पाणी अंदाजापेक्षा खोल निघतं, प्रवाह होडीला मागे रेटत असतो, शेवटची दोन-तीन वेटोळी उठतात आणि टोक काठावरून उडी मारून निघून जातं. कुणी ओरडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. नांगर चांगला होता, दोर नवा होता, कडीतली गाठ तर आजही तळाशी पक्की असेल.

आमच्या वाडीत एक जुने तांडेल होते. नांगर टाकायची वेळ आली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "रे, शेवट खंय बांधलंस?" पोरगा म्हणायचा, "बांधलंय, काका." त्यावर ते म्हणत, "दाखव." एवढंच. 'बांधलंय' हे उत्तर त्यांनी कधी मान्य केलं नाही. गाठ डोळ्यांनी बघायची, हाताने ओढायची, मगच नांगर उचलायचा. पोरं मागे हसत. काकांचा मात्र आपल्या आठवणीवर विश्वास नव्हता आणि दुसऱ्याच्या तर नव्हताच. काल बांधलेली गाठ आज दोर धुवायला म्हणून कुणी सोडली असेल, परवा नांगर शेजाऱ्याच्या होडीत उसना गेला असेल. म्हणून टाकायच्या आधी दर वेळी बघायचं.

बांधण्याच्या जागा तीन. पहिली नांगराच्या कडीशी, दुसरी होडीतल्या शेवटाशी, आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त विसरली जाते, नांगर पाण्यात नसतानाची. होडी मशीनवर निघाली, समोरून लाट आली, की नाळेवर नुसता ठेवलेला नांगर उडतो. दोन-चार आपटे खाल्ले की तो कडेला सरकतो आणि कुणी न टाकता आपण होऊन पाण्यात जातो. त्याच्यामागे दोर जातो, आणि दोराच्या वाटेत पंखा असतो. पंख्यात दोर गुंडाळला गेला की मशीन बंद, होडी लाटेला आडवी. तेव्हा धावत्या होडीतला नांगर हे मोकळं लोखंड असतं, असं समजूनच त्याला त्याच्या जागी दोरीने आवळून ठेवायचं. ही दोरी मात्र सुरगाठीची हवी. एका ओढीत सुटली पाहिजे, कारण मशीन अचानक बंद पडून होडी खडकाकडे वाहू लागली की हाताशी पहिला उपाय नांगराचाच असतो.

कडीची गाठ हा जुना, मुरलेला विषय आहे. जगभरचे दर्यावर्दी जवळजवळ एकाच गाठीवर येऊन पोचलेत. कडीतून दोर दोनदा फिरवायचा, टोक त्या दोन वेढ्यांच्या खालून काढायचं, वर एक-दोन अर्ध्या गाठी मारायच्या आणि राहिलेलं टोक मूळ दोराला सुतळीने गुंडाळून टाकायचं. दोन वेढे अशासाठी की घासणीचा भार एका जागी पडू नये. सुतळी अशासाठी की गाठ दिवसभर ओढ खाते आणि रात्री वारा पडला की सैल होते, या ओढ-सैलीत टोक हळूहळू मागे सरकतं. साखळी असेल तर गाठीच्या जागी शॅकल येतो. शॅकल दिसायला गाठीपेक्षा भक्कम, पण त्याची पिन आट्यांची असते आणि समुद्र थांबत नाही. होडी भरती-ओहोटीबरोबर नांगराभोवती फिरते, साखळी पीळ खाते, पिन अर्धा आटा मागे येते. काही आठवड्यांनी ती कुठल्या तरी रात्री गळून पडते. यावर उपाय तारेचा एक तुकडा. पिनेच्या भोकातून घालून शॅकलच्या अंगाला पिळून टाकायचा. कित्येक किलोंच्या लोखंडाचा सगळा भरवसा त्या बोटभर तारेवर असतो.

नांगर वजनाने होडी धरून ठेवतो, ही समजूत अर्धवट आहे. वजनाचं काम त्याला तळापर्यंत न्यायचं. तिथे पोचल्यावर तो धरतो तो दात्याने, आणि दाता रुततो ती ओढ आडवी असेल तर. ओढ जितकी उभी, तितका नांगर उपटला जातो. म्हणून दोर खोलीच्या निदान पाचपट द्यायचा, वारा असेल तर सातपट. नांगरापाशी दोन-तीन मीटर साखळी असली की तिच्या भाराने दोराचं खालचं टोक तळाशी लोळत राहतं आणि ओढ आडवी येते. दोर निवडतानाही हेच बघायचं. नायलॉन पाण्यात बुडतो आणि ताणला जातो, लाटेचा हिसका पोटात घेतो. स्वस्तातला पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि नेमका दुसऱ्याच्या पंख्यात जातो. काथ्याचे दोर वापरणाऱ्या पिढीला ही निवड करावी लागली नाही. त्यांना दोर वाळवावे लागत, तपासावे लागत, आणि म्हणून ते दोर रोज हातातून जात.

भरती-ओहोटीचा हिशेब इथेच येतो. समजा सुकतीला तीन मीटर पाणी आहे आणि नाळ पाण्यापासून मीटरभर उंच. चार मीटरांचे पाचपट म्हणजे वीस मीटर दोर सोडला आणि माणूस निर्धास्त घरी गेला. भरतीला पाणी दोन मीटर चढलं. आता चाराचे सहा झाले आणि तोच वीस मीटर दोर जेमतेम तिपटीवर आला. मुंबईकडे उधाणाला पाण्याची चढउतार पाच मीटरपर्यंत जाते, तिथे हीच गफलत कितीतरी महाग पडते. कोकणात घड्याळ नसलेली माणसंही हे गणित करत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, असा ढोबळ हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बंदरागणिक थोडा फरक, पण कामापुरता खरा. त्यातही अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, बेताची. त्या दिवशी नांगरलेली होडी तशीच ठेवून माणूस लग्नाला गेला, तर पौर्णिमेच्या उधाणात तोच दोर आखूड होतो. पाण्याने होडी वर उचलली, दोर ताठ झाला, प्रत्येक लाटेचा हिसका गाठीवर, खडकाच्या धारेवर, नाळेच्या काठावर बसायला लागला. दोर तुटतो तो बहुधा असा घासून, आणि त्याआधी त्याने बरेच दिवस खुणा दाखवलेल्या असतात. जिथे दोर होडीच्या काठावरून वाकतो तिथे पिंजलेले धागे दिसतात. तिथे जुन्या पाइपचा तुकडा किंवा गोणपाट गुंडाळायला फार तर पाच मिनिटं लागतात.

हरवलेल्या नांगरांचा आपल्या किनाऱ्यावर केवढा मोठा साठा आहे, हे गोव्यात दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुराविदांनी दाखवून दिलं. द्वारकेच्या समुद्रात १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली शोध सुरू झाला आणि पाण्याखाली दगडी नांगर सापडत गेले. एकट्या द्वारकेत शंभराहून अधिक. पुढे बेट द्वारका, सोमनाथ आणि आपल्या सिंधुदुर्ग-विजयदुर्गाच्या पाण्यातही ते मिळाले. घडण साधी आणि डोकेबाज. दगडाच्या वरच्या अंगाला दोरासाठी गोल भोक. खालच्या अंगाला दोन चौकोनी भोकं, त्यांत लाकडी दांडे ठोकायचे. दगड वजन देणार, दांडे तळात रुतणार. वरचं भोक गोल आणि खालची चौकोनी असण्यालाही कारण आहे. दोर गोल भोकात कमी घासतो आणि चौकोनी भोकातला दांडा फिरत नाही. लाकूड कुजून गेलं, दोर तर केव्हाच गेला, राहिली ती भोकं. एकाच घडणीचे नांगर शतकानुशतकं वापरात होते, त्यामुळे त्यांचं वय ठरवणं अवघड जातं. पण वय काहीही असो, यातला प्रत्येक दगड कधी तरी कुणाच्या तरी हातातून सुटलेला आहे. काही गलबतांबरोबर बुडाले असतील, काही कपारीत अडकले म्हणून सोडून द्यावे लागले असतील, आणि काहींच्या दोराचं दुसरं टोक नुसतंच बांधायचं राहिलं असेल. दगडाकडे बघून यातलं काहीच कळत नाही. घाईत सुटलेला नांगर आणि विचार करून सोडलेला नांगर तळाशी सारखेच दिसतात.

वर मात्र त्यांत जीवनमरणाचा फरक असतो. आतापर्यंतचा सगळा शहाणपणा एकाच दिशेचा झाला. बांधा, तपासा, पुन्हा बांधा. समुद्रावर तो अर्धाच पुरतो.

मालवणच्या समुद्रात खडक पुष्कळ. सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळही आहे, त्यासाठी १९८७ साली तिथलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. अशा तळात नांगर टाकला की दाता कपारीत शिरतो आणि अडकतो. वारा फिरला, लाट वाढली, आता निघायला हवं, पण नांगर सोडत नाही. लहान होडीत अशा वेळी दोन-तीन माणसं एका बाजूला जमून दोर ओढायला लागतात. होडी कलते, पुढची लाट काठावरून आत येते. किंवा दोर मागच्या बाजूला बांधून मशीनच्या जोरावर ओढायचा मोह होतो, आणि आधीच मशीनच्या भाराने दबलेली पिछाडी पाण्याखाली खेचली जाते. होडी नांगरावाचून जितकी बुडते, तितकीच नांगरामुळेही बुडू शकते. घट्ट बांधण्याच्या उपदेशात हे वाक्य सहसा नसतं.

म्हणून जाणते लोक साखळीचा शेवट होडीला शॅकलने जखडत नाहीत. दोरीच्या चार-सहा वेढ्यांनी बांधतात, आणि ती दोरी एवढी लांब ठेवतात की सगळी साखळी बाहेर गेली तरी तो दोरीचा भाग वर, हाताशी, सुरीखाली यावा. सुरी होडीत कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. चूक झाली तरी टोक हातचं जाणार नाही, इतकी ती दोरी भक्कम. ठरवलं तर दोन घावांत सुटेल, इतकी साधी. खडकाळ जागी मासेमारी करणारे याच विचाराची आणखी एक युक्ती करतात. दोर वरच्या कडीला न बांधता नांगराच्या तळाशी, दाते जिथे जुळतात तिथे बांधायचा, मग दांड्याच्या कडेने वर आणून कडीला पातळ सुतळीने अडकवायचा. रोजच्या ओढीला सुतळी पुरते. नांगर अडकला की जोराने ओढायचं. सुतळी तुटते, ओढ उलट्या बाजूने, दात्यांच्या बुडाकडून बसते आणि नांगर ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. त्या बांधणीत सगळ्यात कच्चा धागा मुद्दाम ठेवलेला असतो, आणि नांगर वाचवतो तो तोच. अर्थात या युक्तीला पथ्य आहे. ज्या होडीवर रात्री माणूस नाही, तिला असं बांधायचं नाही, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात माणसाची ओढ कोणती आणि वाऱ्याची कोणती हे सुतळीला कळत नाही.

मला ही सगळी खटपट आवडते ती यासाठी. इथे गाठ बांधणाऱ्याला दोन वेगवेगळ्या रात्रींचा विचार एकाच वेळी करावा लागतो. एक धरून राहायची रात्र आणि दुसरी निघून जायची. पहिल्या रात्रीसाठी बांधलेली गाठ दुसऱ्या रात्री फास होऊ नये आणि दुसरीसाठी ठेवलेली सूट पहिल्या रात्री भोवू नये. आपण माणसं बहुतेक वेळा यातल्या एकाच रात्रीची तयारी करतो. काहींचं सगळं आयुष्य जखडलेलं, काहींचं सगळंच सुरगाठीवर.

कधी निघायचं, हा प्रश्न गाठीच्या पलीकडचा आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगरून उभा होता. त्यावर २६१ माणसं होती. वादळाची सूचना आधी आलेली होती. तराफा बंदरात न परतता समुद्रातच राहिला. वादळात त्याचे नांगर एकामागून एक निकामी झाले, तो वाहत जाऊन तेलफलाटावर आदळला आणि बुडाला. सत्तरहून अधिक माणसं गेली, इतरांना नौदलाने उसळत्या समुद्रातून वाचवलं. तिथले नांगर काही दहा किलोचे नव्हते. पण नांगराच्या भरवशाला एक मर्यादा असते आणि ती ओलांडायच्या आधी, आकाश अजून उघडं असतानाच निर्णय घ्यावा लागतो. त्याच वादळाच्या आधी किनाऱ्यावरच्या पुष्कळ मच्छीमारांनी होड्या ओढून माडांपर्यंत वर आणल्या होत्या. नांगराला जे झेपणार नाही ते त्याच्यावर टाकायचं नाही, एवढं ते ओळखत होते.

आणि निघायचंच ठरलं, तर कसं? याचं उत्तर इतिहासातल्या एका जुन्या हुकुमात सापडतं. ऑगस्ट १५८८. स्पेनचं प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून निघालं होतं आणि फ्रान्सच्या कॅले बंदराबाहेर नांगरून होतं. इंग्रज रात्री पेटती जहाजं सोडणार याचा अंदाज आरमाराचा प्रमुख, मेदिना सिदोनियाचा ड्यूक, याला होता. त्याने कप्तानांना सांगून ठेवलं की तशी वेळ आली तर दोर सोडा, टोकाला तरंगता बोया बांधा, समुद्रात थोडं बाजूला व्हा, आणि आगीची जहाजं वाहून गेली की परत येऊन आपापले नांगर उचला. हुकूम अगदी बरोबर होता. मध्यरात्री आठ जहाजं पेटत, वाऱ्यावर चालत आली. त्यांनी स्पेनचं एकही जहाज जाळलं नाही. पण अंधारात ज्वाळा दिसल्यावर बहुतेकांनी बोया वगैरे विसरून कुऱ्हाडीने दोर तोडले आणि वाट फुटेल तिकडे पांगले. रात्र निभावली. किंमत पुढे मोजावी लागली. स्कॉटलंडला वळसा घालून परतताना सप्टेंबरमध्ये वादळांनी ही जहाजं आयर्लंडच्या किनाऱ्याला लावली. तिथे खडकांपासून दूर राहायला नांगर हवे होते आणि चांगले नांगर कॅलेच्या तळाशी पडले होते. आयर्लंडकडे झालेल्या नाशाच्या कारणांत इतिहासकार हे कारणही मोजतात. स्लायगो परगण्यातल्या स्ट्रीडा इथे तीन जहाजं किनाऱ्यापासून थोडं दूर नांगरून होती. दोर टिकले नाहीत, जहाजं वाळूवर येऊन फुटली आणि हजारावर माणसं बुडाली.

तोडणं चूक नव्हतं. न तोडता थांबले असते तर कदाचित जळाले असते. परत यायची खूण न ठेवता तोडणं मात्र महागात पडलं. बोया म्हणजे काय, तर नांगराच्या तळाला बांधलेली एक पातळ दोरी, भरतीच्या पाण्याहून थोडी लांब, आणि तिच्या वरच्या टोकाला फ्लोट किंवा झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन. त्यावर होडीचा नोंदणी क्रमांक रंगवलेला. नांगर अडकला तर याच दोरीने तो उलट्या बाजूने उपटता येतो. आणि दोर कापावाच लागला, तर दुसऱ्या दिवशी शांत पाण्यात येऊन तो कुठे आहे हे कळतं.

कोकणातल्या घरांकडे बघताना मला हे नेहमी आठवतं. मुंबईला गेलेला चाकरमानी गाव सोडतो, ते सोडणं कुणाला चुकलेलं नाही. पण कुणी भावाशी हिश्शावरून भांडून, दाराला कुलूप घालून गेला. दहा-बारा पावसाळ्यांत वासे मोडले, आता सातबाऱ्यावर नाव आहे आणि घरात आंब्याचं झाड. दुसरा गेला तो गणपतीची आपली पाळी लावून घेऊन. चतुर्थीला तो येतो, पाच दिवस राहतो, कौलांचे पैसे वेळेवर पाठवतो, किल्ली शेजारच्या काकीकडे असते. दोघेही गेलेलेच. एकाचा बोया अजून पाण्यावर आहे.

खूण नसली की काय होतं, याची एक गंमतशीर हकीकत प्रशांत महासागरात घडली. एप्रिल १७६८ मध्ये बुगेनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी दोन जहाजं घेऊन ताहितीला पोचला. त्याने नांगर टाकले ती जागा तळाशी धारदार प्रवाळाची होती. वाखाचे दोर त्या धारेवर कापले गेले आणि नऊ दिवसांत सहा नांगर गेले. लोखंडी साखळ्यांचा जहाजांवर सर्रास वापर सुरू व्हायला अजून काही दशकं होती. बुगेनव्हिल निघून गेला. ताहितीच्या लोकांनी त्यातला एक नांगर वर काढला आणि बोरा बोरा बेटाच्या प्रमुखाला भेट म्हणून पाठवला. तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहिला. डिसेंबर १७७७ मध्ये कॅप्टन कुक बोरा बोराला गेला तो खास या नांगरासाठी. जहाजावरच्या कुऱ्हाडी आणि लोखंडी अवजारं बेटाबेटांवर देऊन संपत आली होती, नवी घडवायला लोखंड हवं होतं. प्रमुखाला भेटी देऊन त्याने नांगर मिळवला. कडी गेलेली, दांड्याचा काही भाग नाही, पण मोडण्याआधी वजन सातशे पौंडांच्या घरात असावं. फ्रेंच राजाच्या जहाजाला धरून ठेवण्यासाठी घडवलेलं लोखंड इंग्रजाच्या भात्यावर कुऱ्हाडी व्हायला निघालं. यात कुणी चोरी केली नाही. ज्या नांगराची खूण पाण्यावर नाही, तो ज्याच्या हाती लागला त्याचा. आणि हाती लागला नाही, तर तो तळाशी राहून जाळी फाडत राहतो. आपल्या लेखी हरवलेली वस्तू समुद्राच्या लेखी जागच्या जागीच असते.

बोयाला खर्च नांगराच्या मानाने काहीच नाही. एक रिकामा कॅन, दहा-पंधरा वाव पातळ दोरी, थोडा रंग. तरीही बहुतेक होड्यांवर तो दिसत नाही. आळस हे एक कारण झालं. दुसरं कारण मला वाटतं ते असं की नांगर टाकताना माणसाच्या मनात थांबायचं असतं, आणि त्याच वेळी बोया बांधणं म्हणजे आपल्याला इथून पळावं लागेल हे स्वतःच्या तोंडाने म्हणणं. घर बांधताना कुणी मोडायच्या दिवसाबद्दल बोलत नाही, लग्नाच्या मांडवात तर नाहीच. अभद्र वाटतं. दर्यावर मात्र भद्र-अभद्राचा हिशेब वेगळा आहे. तिथे निघायची तयारी करून ठेवणारा निवांत झोपतो आणि कधी निघावं लागणारच नाही असं धरून चालणारा रात्रभर दोराला हात लावून बसतो.

आणि ही तयारी ऐन वेळी होत नाही. सोडायची घटका येते तेव्हा एका हातात सुरी असते आणि दुसऱ्या हाताने होडीचा काठ धरलेला असतो. बोया बांधायला त्या वेळी तिसरा हात कुणालाच नसतो.